शेतकऱ्यांसाठी स्वस्त रंगीत डिझेल: ते काय असतं, कुठे मिळतं आणि आपल्याकडे का नाही?

यूट्यूबवर परदेशातल्या शेतीचे व्हिडिओ बघताना तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. शेतकरी स्वतःच्या टाकीतून ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो आणि ते डिझेल सरबतासारखं लालभडक दिसतं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहितं, “तिकडे शेतकऱ्याला टॅक्स माफ, आपल्याकडे का नाही?” मग हाच प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतो आणि काही दिवसांत त्याला एक लिंकही चिकटते: “शेतकऱ्यांना अर्ध्या दरात डिझेल, इथे नोंदणी करा.”

थोडक्यात उत्तर असं: भारतात शेतीसाठी वेगळं, रंग घातलेलं, कमी कराचं डिझेल मिळत नाही. शिरूर कासारमध्ये ट्रॅक्टरसाठी मिळणारं डिझेल आणि पुण्यात कारमध्ये भरलं जाणारं डिझेल एकच आहे, आणि त्यावरचा करही तोच आहे. पण रंग घालून स्वस्त इंधन विकण्याचा प्रयोग आपल्याकडे एका वेगळ्या इंधनावर कित्येक वर्षं झाला. त्याचा अनुभव महाराष्ट्राला चांगलाच लक्षात आहे. या लेखात ते सगळं क्रमाने समजून घेऊ.

रंगीत डिझेल म्हणजे नेमकं काय?

रंगीत डिझेल हे साधं डिझेलच असतं. इंजिनच्या दृष्टीने त्यात वेगळं काही नसतं. फरक फक्त कराचा.

डिझेलवर सरकार जो कर घेते, त्यामागे बऱ्याच देशांत एक विचार असतो की रस्ते वापरणाऱ्याने रस्त्यांचा खर्च उचलावा. शेतात फिरणारा ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा पाण्याचं इंजिन रस्ता झिजवत नाही. म्हणून त्यांना कर कमी. पण एकाच वस्तूचे दोन भाव झाले की स्वस्त माल महाग जागी विकायचा मोह होतोच. ट्रकवाल्याने शेतकऱ्याचं डिझेल भरलं तर कळणार कसं? त्यासाठी स्वस्त डिझेलमध्ये डेपोतच रंग मिसळतात.

काही देशांची उदाहरणं बघा:

• ब्रिटन: शेतीचं डिझेल लाल. मार्च २०२२ पासून साध्या डिझेलवर लीटरला ५२.९५ पेन्स कर ठरला आणि लाल डिझेलवर १०.१८ पेन्स. १ एप्रिल २०२२ पासून बांधकामासह बऱ्याच उद्योगांची ही सवलत काढली, शेतीची ठेवली.
• अमेरिका: इथेही लाल रंग. १९९० च्या दशकापासून ही पद्धत आहे. रस्त्यावरच्या डिझेलवर केंद्राचा कर गॅलनला २४.४ सेंट आहे, तो रंगीत डिझेलवर लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीत हे डिझेल सापडलं तर दंड किमान १,००० डॉलर किंवा गॅलनला १० डॉलर, जे जास्त असेल ते.
• आयर्लंड: हिरवा रंग. तिथले लोक त्याला सरळ ‘हिरवं डिझेल’ म्हणतात.

म्हणजे पोलिसाने किंवा कर अधिकाऱ्याने गाडीच्या टाकीत नळी घालून नमुना काढला आणि तो लाल निघाला, की विषय संपला.

रंग गाळून काढला तर?

हा प्रश्न चोरांनाही पडला. आम्ल, कोळशाची भुकटी किंवा रंग शोषणारी माती वापरून डिझेलमधला रंग बराचसा काढता येतो. म्हणून डिझेलमध्ये रंगासोबत एक खूणद्रव्यही घालतात. याला इंग्रजीत ‘मार्कर’ म्हणतात. ते इतकं कमी असतं की डोळ्याला दिसत नाही, पण चाचणीत सापडतं.

युरोपात बरीच वर्षं ‘सॉल्व्हंट यलो १२४’ नावाचं खूणद्रव्य वापरलं गेलं. त्याची गंमत अशी की नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवलं की ते डिझेलमधून आम्लात उतरतं आणि लाल दिसतं. पण तेही काढायच्या युक्त्या निघाल्या. आयर्लंडच्या सीमाभागात डिझेल ‘धुण्याचे’ बेकायदा कारखाने चालायचे आणि त्यातून निघणारा विषारी गाळ रस्त्याच्या कडेला टाकला जायचा. शेवटी २०१५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने मिळून काढायला अवघड असं नवीन खूणद्रव्य आणलं.

यातून एक गोष्ट कळते. नुसता रंग पुरत नाही. रंग, खूणद्रव्य, प्रयोगशाळा, रस्त्यावर तपासणारी माणसं आणि जबर दंड हे सगळं एकत्र असेल तरच ही पद्धत चालते.

आपल्याकडचा रंगाचा प्रयोग: निळं रॉकेल

तुमच्या आजीला विचारा, रेशनचं रॉकेल कोणत्या रंगाचं असायचं? ती लगेच सांगेल, निळं.

रेशनवर मिळणारं अनुदानाचं रॉकेल खुल्या बाजारातल्या रॉकेलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत. मागचा विचार लाल डिझेलसारखाच: हे स्वस्त आहे, हे ठरावीक लोकांसाठी आहे, ते दुसरीकडे सापडलं तर कळलं पाहिजे. यासाठी कायदाही होता. १९९३ च्या रॉकेल नियंत्रण आदेशाने रेशनच्या रॉकेलच्या वापरावर बंधनं घातली.

पण रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात मोठी दरी होती. रॉकेल डिझेलमध्ये सहज मिसळतं आणि थोडं मिसळलं तर इंजिन लगेच बंद पडत नाही. त्यामुळे गरिबाच्या चुलीसाठी आलेलं रॉकेल टँकरमधून परस्पर भेसळीला जाऊ लागलं.

हे रोखायला सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये रॉकेलमध्ये परदेशी कंपनीचं खूणद्रव्य घालायला सुरुवात केली. पंपावरच्या पेट्रोल-डिझेलमध्ये ते सापडलं की भेसळ पकडली जाणार होती. पण हे खूणद्रव्यही काढून टाकता येतं असं दिसलं आणि २००८ च्या अखेरीस ते बंद झालं.

मनमाड, २५ जानेवारी २०११

या भेसळीमागे किती पैसा होता, हे महाराष्ट्राला एका दुपारी कळलं.

नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडजवळ पानेवाडी इथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथून राज्याच्या बऱ्याच भागांत इंधन जातं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे २५ जानेवारी २०११ रोजी त्या भागातून जात असताना त्यांना टँकरमधून इंधनाची चोरी आणि भेसळ चालल्याचा संशय आला. ते थांबले आणि तपासायला गेले. तिथे त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

राज्यभर सरकारी कर्मचारी रस्त्यावर उतरले, छापे पडले, अटका झाल्या. पण मूळ कारण तेच राहिलं होतं: एका लीटरमागे मिळणारा फरक. जोपर्यंत एकाच कामाला चालणाऱ्या दोन इंधनांच्या भावात मोठी दरी आहे, तोपर्यंत कुणीतरी ती दरी भरून पैसा कमावणारच.

पुढे सरकारने ही दरीच कमी करायला घेतली. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव दर वेळी २५ पैशांनी वाढवत नेला आणि मार्च २०२० पर्यंत केंद्राचं अनुदान शून्यावर आणलं. गॅस जोडण्या वाढल्या, तसा रॉकेलचा कोटाही घटत गेला.

शेतीसाठी वेगळं डिझेल आणायचं म्हटलं की ही सगळी गोष्ट डोळ्यांसमोर येते. रॉकेलच्या बाबतीत जे झालं ते डिझेलच्या बाबतीत आणखी मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, कारण इथे मिसळायचीही गरज नाही. माल तोच आहे, फक्त टाकी बदलायची.

ट्रॅक्टरच्या डिझेलवर आपण किती कर भरतो?

डिझेलच्या भावात मुख्यतः चार गोष्टी असतात: कंपनीचा मूळ दर आणि वाहतूक, केंद्राचं उत्पादन शुल्क, पंपचालकाचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट.

केंद्राचं शुल्क मे २०२२ मध्ये लीटरला १५.८० रुपयांवर आणलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यात २ रुपयांची वाढ होऊन ते १७.८० रुपये झालं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, नवी मुंबई सोडून बाकी भागात डिझेलवर २१ टक्के व्हॅट होता. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई परिसराचा २४ टक्क्यांचा दरही २१ वर आणला. हे आकडे सरकार कधीही बदलू शकतं, म्हणून कुणी आकडा सांगितला की तो कोणत्या तारखेचा आहे हे आधी विचारा.

आता साधा हिशोब. समजा, मशागतीच्या दिवसांत एका ट्रॅक्टरने दिवसभर नांगरणी आणि रोटाव्हेटर मारून ४० लीटर डिझेल जाळलं. १७.८० च्या दराने केंद्राचं शुल्कच ७१२ रुपये होतं. व्हॅट त्याच्यावर वेगळा.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. केंद्राच्या शुल्कात ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ नावाचा भाग आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो डिझेलवर लीटरला ४ रुपये लावला. म्हणजे वरच्या ४० लीटरमध्ये १६० रुपये शेतीच्या विकासाच्या नावाने शेतकऱ्याच्याच ट्रॅक्टरकडून जातात.

दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि बरेच सुटे भागही ५ टक्क्यांत आले. पण डिझेल जीएसटीमध्ये नाहीच, त्यामुळे त्याला या कपातीचा फायदा झाला नाही.

शिरूर कासारच्या ट्रॅक्टरवर हा नियम लावून बघू

कल्पना करा, उद्या लाल डिझेल आपल्याकडे आलं. नियम: फक्त शेतीच्या कामाला. आता शिरूर कासार तालुक्यातला एक ट्रॅक्टर घ्या.

जूनमध्ये तो पाळी घालतो, पेरणी करतो. हे शेतीचं काम, लाल डिझेल चालेल. मग शेजाऱ्याच्या शेतात तासावर भाड्याने नांगरणी करतो. काम शेतीचं आहे, पण व्यवहार धंद्याचा आहे. चालेल का? दिवाळीच्या सुमाराला तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून ऊसतोड टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातो. चार-पाच महिने डांबरी रस्त्यावर ऊस ओढतो. ऊस शेतमाल आहे, पण वाहतुकीचे पैसे कारखाना देतो आणि रस्ता सगळ्यांचा. उन्हाळ्यात परत आल्यावर घराच्या बांधकामाला मुरूम आणि विटा वाहतो. हे तर शेतीचं कामच नाही.

एकाच टाकीत वर्षभरात चार प्रकारची कामं. ब्रिटनमध्येही याच कारणाने नियमांची लांबलचक यादी आहे: कोणतं वाहन, कोणतं काम, कोणता माल. मराठवाड्यात, जिथे कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता ऊसवाहतुकीतून फिटतो, तिथे अशी यादी लावली तर प्रत्येक नाक्यावर वाद होईल. आणि टाकीत लाल डिझेल सापडलं तर दंड भरणार कोण? ट्रॅक्टरमालक की मुकादम?

यावर दुसरी बाजूही आहे, ती खरी आहे. सवलत नसल्यामुळे ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे आणि जो भाड्याने नांगरणी करून घेतो, त्याच्या एकरी दरात हा कर आपोआप येतो. डिझेल वाढलं की ट्रॅक्टरवाला दर वाढवतो. मालाचा भाव मात्र बाजार ठरवतो.

मग रंगाऐवजी काय करतात?

आधी पूर्ण भाव घ्यायचा आणि मग पात्र माणसाला पैसे परत द्यायचे, ही दुसरी पद्धत. यात डिझेल एकच राहतं, त्यामुळे भेसळीला कारण उरत नाही.

• महाराष्ट्रातले मच्छीमार: यांत्रिक नौकांना लागणाऱ्या हायस्पीड डिझेलवरच्या राज्य कराची प्रतिपूर्ती मच्छीमारांना मिळते. सहकारी संस्था, नौकेची नोंदणी आणि मंजूर कोटा यावर हिशोब चालतो. म्हणजे कोकण किनाऱ्यावर डिझेल करसवलत आहे, पण ती रंगाने नाही, कागदाने दिली जाते. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: परतावा उशिरा येतो.
• बिहार: पाऊस कमी पडला की डिझेल इंजिनने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान. २०२३ च्या खरिपात लीटरला ७५ रुपये आणि एका पाण्याला एकरी ७५० रुपये असा दर होता. अर्ज ऑनलाइन, पैसे बँक खात्यात.
• डिझेलच नको: पाण्याच्या पंपासाठी महाराष्ट्राने हा मार्ग धरला आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज, आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के.

पंप विजेवर गेला तरी नांगरणी अजून डिझेलवरच आहे. पुढे कधी ट्रॅक्टरच्या डिझेलवर परतावा आलाच, तर तो शेतकरी ओळख क्रमांकाला जोडलेला असण्याचीच शक्यता जास्त. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक लागतो. घरात अजून काढला नसेल तर काढून ठेवा.

स्वस्तातलं डिझेल भरलं तर इंजिनचं काय होतं?

“ओळखीचा आहे, दहा रुपये कमी लावतो” असं डिझेल बॅरलमधून मिळत असेल तर सावध राहा. त्यात रॉकेल किंवा कारखान्यातलं दुसरं तेल असू शकतं. कधी ते ‘बायोडिझेल’ म्हणूनही विकलं जातं.

डिझेल हे इंजिनसाठी इंधन आणि इंधन पंपासाठी वंगण, अशी दोन्ही कामं करतं. रॉकेल पातळ असतं, त्यात वंगण कमी. त्यामुळे डिझेल पंप आणि नोझल घासले जातात. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हे हळूहळू होतं. नवीन कॉमन रेल इंजिनमध्ये दाब फार जास्त आणि भाग फार बारीक असतात, तिथे नुकसान लवकर आणि महाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखात फक्त १० भाग असतं. भेसळीच्या तेलात ते कितीतरी जास्त असू शकतं. वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरमध्ये भेसळ निघाली तर वॉरंटीही जाते.

शिवाय भेसळ हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली गुन्हा आहे.

पंपावर तुम्ही काय तपासू शकता?

• माप: शंका असेल तर ५ लीटरच्या प्रमाणित मापात भरून दाखवायला सांगा. ५ लीटरला २५ मिलीलीटरपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी नाही.
• घनता: पंपावर रोजची घनता लिहिलेली असते. हायड्रोमीटरने तपासून मागा. १५ अंशांच्या हिशोबात नोंदीपेक्षा ३ अंकांहून जास्त फरक असेल तर तक्रार करा. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असल्याने भेसळीत घनता खाली येते.
• फिल्टर पेपर: ही चाचणी पेट्रोलसाठी आहे. डिझेलवर करून उपयोग नाही, कारण शुद्ध डिझेलही कागदावर डाग ठेवतं.
• पावती: दर वेळी घ्या. इंजिन बिघडलं तर हाच तुमचा पुरावा.

तक्रारीचा क्रमांक पंपावर लावलेला असतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही फोन करता येतो.

“शेतकऱ्यांना स्वस्त डिझेल” अशी लिंक आली तर?

1. आधी हे लक्षात ठेवा की महाराष्ट्रात शेतीसाठी रंगीत किंवा वेगळ्या दराचं डिझेल पंपावर मिळत नाही. त्यामुळे ‘कूपन’, ‘क्यूआर कोड’, ‘डिझेल कार्ड’ यांच्या नोंदणीला पैसे मागत असतील तर ती फसवणूकच.
2. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल तर आधार क्रमांक आणि सातबारा भरू नका. शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी सहायकाला विचारा.
3. एपीके फाइल आली तर उघडू नका. योजनेच्या नावाने आलेली अशी फाइल फोनमधले एसएमएस आणि ओटीपी वाचू शकते.
4. पैसे खात्यात येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.
5. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घरातल्या मोठ्या माणसांना हे नक्की सांगा. योजनेची लिंक त्यांच्या फोनवर येते, पण खरी की खोटी हे ते तुम्हालाच विचारतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपल्या पंपावरचं डिझेल पिवळसर दिसतं, तो रंग घातलेला असतो का?
नाही. डिझेलचा नैसर्गिक रंग फिकट पिवळसर असतो. नुसत्या रंगावरून भेसळ ठरवू नका, घनता तपासा.

परदेशातलं लाल डिझेल जास्त ताकदीचं असतं का?
नाही. रंग आणि खूणद्रव्य अगदी थोडं असतं. ताकद, मायलेज सारखंच.

डिझेल जीएसटीत आलं तर शेतकऱ्याला फायदा होईल?
ते दरावर अवलंबून आहे. आणि केंद्र-राज्य दोघांचं मोठं उत्पन्न यातून येतं, म्हणून जीएसटी परिषदेत सहमती होईपर्यंत पेट्रोल-डिझेल बाहेरच राहील.

मग आत्ता शेतकऱ्याच्या हातात काय आहे?
यंत्रं आणि अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज, पाण्यासाठी डिझेल इंजिनऐवजी सौरपंप, आणि डिझेल नेहमी पावतीसह पंपावरूनच. फिल्टर वेळेवर बदलला, टायरमध्ये हवा योग्य ठेवली आणि अवजार ट्रॅक्टरच्या ताकदीला साजेसं लावलं, तरी डिझेलचा खर्च कमी होतो. त्यासाठी कुठल्या लिंकवर नोंदणी करावी लागत नाही.